चष्मा न काढता बघायची दुर्बीण

बाबा,

गेल्या महिन्यात मला एक दुर्बीण निवडायची होती. मामाने आणली होती तशी दोन डोळ्यांची नव्हे. ही जाड नळीसारखी असते, एका डोळ्याने बघायची, आणि हातात धरून चालत नाही, खाली तीन पायांचा स्टँड लागतो. शिकारीला जाणारे लोक तिला स्कोप म्हणतात आणि स्टँडला ट्रायपॉड. ती निवडताना तुमची इतकी आठवण आली की शेवटी कागद घेऊन बसलो. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. नववीनंतर शाळा सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ अजून तपासून लिहितो. तुम्हाला पेपर वाचून दाखवताना घाईत शब्द चुकला की तुम्ही म्हणायचात, "परत वाच. दर्या काय पळून जात नाय." त्यामुळे मी सगळंच परत वाचतो. गाडीचं कुलूप लावल्यावर परत जाऊन बघतो, गॅस बंद केल्यावर परत बघतो. अम्मा म्हणते, हा स्वभाव तुमच्याकडून आला. तुम्हाला मात्र मी असं करताना कधी बघितलेलं नाही.

मी इथे सौदीत हाइलला एका म्हाताऱ्या माणसाच्या घरी ड्रायव्हर आहे. त्यांची गव्हाची शेती होती, आता मुलं बघतात. इथे घरचे ड्रायव्हर मालकाला बाबा म्हणतात. बंगाली असो, केरळचा असो, फिलिपिनो असो, सगळे. बाबांना दवाखान्यात न्यायचंय, बाबा उठले का. मी शेख म्हणतो. शेजारच्या घरचा ड्रायव्हर बिहारचा आहे, तो मला म्हणाला, "बाबा बोलने में तेरा क्या घिस जाता है?" मी म्हटलं, काही घिसत नाही. पण शेखच म्हणत राहिलो. शेख मला 'वलदी' म्हणतात, म्हणजे माझ्या मुला. ते भाजीवाल्यालाही वलदी म्हणतात, त्यामुळे त्यात काही विशेष नाही.

शेखांना एकच वेड आहे, ससाणा घेऊन शिकारीला जाण्याचं. वर्षातून थोडे दिवस, परवाना काढून, ठरवून दिलेल्या रानात. हुबारा नावाचा पक्षी असतो, कोंबड्यापेक्षा उंच आणि अंगाने अगदी मातीच्या रंगाचा. तो धावत नसेल तर दगड आणि तो यांत फरक कळत नाही. एखाद्या टेकाडावर बसून तो शोधायचा, मग ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढायची. शोधायचं काम आयुष्यभर शेखांनी केलं. पण साखरेच्या आजाराने त्यांची नजर उतरली आहे. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड आहेत. मागच्या हिवाळ्यात मुलं बोट करून म्हणायची, तिकडे बघा, त्या झुडपाच्या पलीकडे. आणि शेख म्हणायचे, "दिसला, दिसला." मी त्यांच्या मागे चहाची किटली घेऊन उभा असायचो. त्यांची मान भलतीकडे असायची. मुलं एकमेकांकडे बघायची आणि गप्प बसायची. ते गप्प बसणं मी ओळखतो, बाबा. तुमच्या भोवतीही लोक असेच गप्प बसले होते.

या हिवाळ्याआधी मोठ्या मुलाने त्यांना एक स्कोप भेट दिला. दुकानातला सगळ्यांत मोठा, साठ पट जवळ आणणारा. शेतावर सगळी मुलं-नातवंडं जमली होती. शेख बघायला वाकले तर चष्मा मध्ये आला. चष्मा काढला तर सगळं धुरकट. कोणीतरी बटण फिरवून दिलं, तेवढ्यात त्यांचा हात नळीला लागला आणि समोरचं सगळं भूकंप झाल्यासारखं हललं. नातू हसला. शेखांनी हळूच स्कोपवर टोपण लावलं आणि म्हणाले, "खलास." परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "वलदी, मी कुठे बघतो ते तू रोज आरशात बघतोस. माझ्यासाठी तू एक आण. त्यातही दिसलं नाही तर ससाणा मोठ्याला देऊन टाकीन आणि घरी बसेन." मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. ते म्हणाले, "मलाही मोटारीतलं कळत नाही, तरी मी तुला ड्रायव्हर ठेवलाच की." मोठ्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने खांदे उडवले. "आण तुझ्या पसंतीची. पण बदलून आणायला पुन्हा मला पाठवू नकोस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी चुकीची आणली तर एका माणसाचं बघणं संपणार होतं.

तुम्ही दर्यावरच्या उंच सड्याच्या कडेला बसायचात, उंडीच्या झाडाखाली. खाली पुळणीच्या वाळूत रापणीचं लांब जाळं घेतलेली माणसं होडी तयार ठेवून, दोर सोडवून, तुमच्याकडे तोंड करून बसलेली. तुम्हाला पाण्यात काळपट डाग दिसला की तुम्ही उठायचात. डोक्यावरचं फडकं उजवीकडे धरलंत की होडी उत्तरेला, डावीकडे धरलंत की दक्षिणेला, आणि दोन्ही हातांनी फिरवलंत की जाळं पाण्यात. त्यांना खालून काहीच दिसत नसायचं. सगळा गाव तुमच्या डोळ्यांनी दर्या बघायचा. मी शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन वर यायचो. तुम्ही डबा घ्यायचात पण नजर हलवायची नाही, आणि भाकरीचा घास तसाच तोंडाकडे जायचा. एकदा मला तारलीचा थवा तुमच्याआधी दिसला. मी बोट केलं आणि ओरडलो. तुम्ही माझा हात धरून खाली केलात. मारलं नाहीत, पण आवाज असा होता की अजून ऐकू येतो. "बोट करायचं नाय. मला बघू दे." मग जरा वेळाने, जणू मीच रागावलो होतो अशा सुरात, तुम्ही मला समजावलंत की दर्यावर ढगाची सावलीही तशीच काळी दिसते. पटकन हात वर केला की माणसं जाळं टाकून रिकामी येतात. म्हणून आधी नजर काढून गावाकडे वळवायची, मशिदीचा मिनार बघायचा, डोळ्याला दम द्यायचा, आणि मग परत बघायचं. "सावली वाऱ्याबरोबर जाते. मासा आपल्या मनानं जातो."

आणि तुमच्या शेवटच्या हंगामात तुम्ही सावलीवरच फडकं फिरवलंत. तो दिवस मला डोळ्यांसमोर दिसतो. होडी वळसा घालते आहे, माणसं दोर ओढत आहेत, बायका टोपल्या घेऊन पुढे येत आहेत. जाळ्यात शेवाळ आणि चार-दोन खेकडे. कोणी काही बोललं नाही. तुमच्याच वयाचा एक रापणकर वर आला, तुमच्या शेजारी बसला, बिडी पेटवून तुमच्या हातात दिली आणि म्हणाला, "ऊन लई आहे रे. उद्या पोरं बसतील वर. तू जरा आराम कर." तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. नंतर तुम्ही कधी सड्यावर गेला नाहीत. मागच्या दारी बसून जाळी सांधायचात, तीही बोटांनी चाचपून.

मामा जेद्दाहून आला तो तेव्हाच. त्याने तुमच्यासाठी दुर्बीण आणली होती, चांगली जड, वीस पटीची. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दर्याची एक पट्टी दिसते, तिथे उभे राहून तुम्ही ती डोळ्याला लावलीत. अम्मा तव्यावर बांगडे टाकत होती. आम्ही सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होतो. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "ह्यात दर्या नाचतो." अम्मा म्हणाली, "नाचू दे की. फुकटचा तमाशा." मामा म्हणाला, "दाजी, सवय होईल." तुम्ही परत लावलीत, परत काढलीत. मग पट्टा गुंडाळून ती खुंटीला लावलीत, कोयत्याच्या शेजारी. मामाला वाईट वाटू नये म्हणून म्हणालात, "काच झकास आहे. माझेच डोळे गेले." आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं.

मी फोनवर किती व्हिडिओ बघितले याचा हिशेब नाही. अर्धे इंग्रजीत, अर्धे अरबीत, दोन्हींतलं मला अर्धं-अर्धं कळतं. प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एक म्हणतो, पुढची काच जेवढी मोठी तेवढा पहाटे उजेड जास्त. दुसरा म्हणतो, मोठी काच म्हणजे मोठं ओझं, मग ती गाडीतच राहते. एवढं मात्र समजलं की साठ पट वगैरे दुकानात छान वाटतं. इथे ऊन चढलं की जमिनीवरची हवा उकळत्या पाण्यासारखी थरथरते, आणि जितकं जवळ आणाल तितकी ती थरथरच मोठी होते. शिवाय जास्त पट म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडाच दिसतो, आणि म्हाताऱ्या माणसाला पक्षी त्या तुकड्यात आणायलाच अर्धा दिवस लागेल. मला कमी पटीचा, रुंद दिसणारा हवा होता. पण चष्म्याचं कोणी नीट सांगेना. म्हणून मी शेखांचा जुना चष्मा मागून घेतला आणि रुमालात बांधून ठेवला.

मोठ्या मुलाचं रियाधला काम होतं. त्याला सोडून दुपारपर्यंत मी मोकळा होतो. तिथल्या बत्हा बाजारात आपल्याकडच्या माणसाच्या हॉटेलात चहा घेतला आणि शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानातला विक्रेता हैदराबादचा, माझ्याहून थोडा मोठा. मी एकेक स्कोप लावायला सांगू लागलो. प्रत्येकाला मी रुमालातून चष्मा काढून घालायचो आणि वाकून बघायचो. माझे डोळे चांगले आहेत, त्यामुळे चष्म्यातून मला सगळं वितळल्यासारखं दिसायचं. पण मला समोरचं बघायचंच नव्हतं. मला एवढंच बघायचं होतं की चष्मा घालून डोळा मागे राहिला तरी उजेडाचं पूर्ण वर्तुळ दिसतं की कडेने काळं होतं. विक्रेत्याने बराच वेळ हा प्रकार बघितला.

"मियाँ, दूरबीन लेरे कि लड़की देखरे?"

मी म्हटलं, "चष्मेवाले के लिए है."

"तो चष्मेवाले को लाना ना. तुम कायको अंधे होरे?"

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसायचा थांबला. आत जाऊन त्याने एक मध्यम आकाराचा स्कोप आणला. त्याच्या डोळ्याकडच्या भागाला रबराची कडी होती, ती फिरवून खाली बसवता येते. मी चष्मा घालून वाकलो. वर्तुळ पूर्ण होतं. काठापर्यंत उजेड. डोळा लावायचा भाग सरळ नव्हता, वर वाकवलेला होता, म्हणजे जमिनीवर गालिचा टाकून बसलेला माणूस मान न मोडता, पुस्तकात बघितल्यासारखं खाली बघू शकतो. मी विचारलं, "पक्का यही?" तो म्हणाला, "तुमको पक्का नहीं होता कभी, ना?" मी म्हटलं, नाही. "फिर यही लेलो. और तिपाई हल्की मत लेना. सब लोगां काँच पे मरते. काँच नहीं हिलती मियाँ, पाँव हिलते."

त्याने तीन ट्रायपॉड दुकानाबाहेर फुटपाथवर लावले. एकेकावर स्कोप बसवायचा, दूरच्या एका पाटीवर धरायचा आणि पायाला बोटाने टिचकी मारायची. पहिल्या ट्रायपॉडवर पाटी नाचत राहिली, थांबेचना. तो सगळ्यांत उंच होता आणि मधली दांडी वर ओढलेली होती. दुसऱ्यावर कमी नाचली, पण त्याच्या पायांची कुलपं पिळून लावायची होती आणि त्यांत वाळू शिरली की संपलं. तिसरा बुटका, जाड पायांचा, चापाच्या कुलपांचा, खाली वजन लटकवायला आकडा असलेला. विक्रेत्याने आकड्याला पाण्याचा कॅन अडकवला. मी टिचकी मारली. पाटी जराशी दचकली आणि उभी राहिली. मी परत मारली. परत उभी राहिली. त्यावरची अक्षरं वाचता येत होती.

मी तसाच वाकून राहिलो. विक्रेता म्हणाला, "क्या हुआ? पसंद नहीं?" मी तिसऱ्यांदा टिचकी मारली. दर्या नाचत नव्हता, बाबा. तुमचे डोळे अधू झाले होते हे खरं, पण वीस पटीची ती दुर्बीण कुणाच्याच हातात स्थिर राहिली नसती. मामाच्याही नाही, माझ्याही नाही. तिला पाय हवे होते एवढंच. आणि पाय आपल्या पुळणीवर रोज उभे असायचे. मासळी तोलायचा काटा लोंबकळवायला तीन बांबू वर एकत्र बांधलेले नसायचे का? संध्याकाळी काटा काढून नेला तरी ते तिथेच राहायचे. त्यांच्यावर दुर्बीण बांधून, खाली धोंड्याची पिशवी लटकवून ते सड्यावर नेले असते, तर कदाचित अजून एक-दोन हंगाम तुम्ही वर बसला असतात. कदाचित नसतातही. पण निदान बघितलं असतं. सगळा गाव त्या बांबूंच्या बाजूने ये-जा करत होता आणि कोणाला सुचलं नाही. यात कोणाची चूक नाही हे मला कळतं. तरी रियाधच्या त्या फुटपाथवर मला ते तीन बांबू इतके हवेसे वाटले की काय सांगू.

रानात आम्ही पहाटे पोचलो. थंडी होती, हवा अजून उकळायला लागली नव्हती. मी टेकाडावर गालिचा अंथरला, ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवून तो बसलेल्या माणसाच्या छातीइतका ठेवला, पाण्याचा कॅन लटकवला, कुलपं तपासली, परत तपासली. मोठा मुलगा म्हणाला, "विमान उडवतोयस का?" शेख गालिच्यावर बसले. सवयीने त्यांचा हात चष्म्याकडे गेला. मी म्हटलं, राहू द्या. ते चष्म्यासकट वाकले.

त्यांनी स्कोप फिरवायची दांडी जराशी इकडे-तिकडे केली. मग म्हणाले, "हलत नाही."

तोवर मला साध्या डोळ्यांनीच एका वाळक्या झुडपाच्या डावीकडे काहीतरी दिसलं होतं. धाकट्या मुलालाही दिसलं असावं, कारण त्याचा हात वर जायला लागला. मी त्या उठलेल्या हातात कहव्याचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, पेला दिला. त्याने माझ्याकडे रागाने बघितलं, मग वडिलांकडे बघितलं, आणि पेला तोंडाला लावला. शेख हळूहळू दांडी फिरवत होते. उजवीकडून डावीकडे, कोणी शेत नांगरावं तसं, ओळीने. झुडपापाशी थांबले. "दगड," ते म्हणाले. मग त्यांनी डोळा काढला, मान वळवून मागे गाड्यांकडे, आमच्याकडे, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. पण ते आम्हाला बघत नव्हते. डोळ्याला दम देत होते. हे त्यांना कोणी शिकवलं असेल? ते परत वाकले.

"दगड चालतोय," शेख म्हणाले.

मग काय झालं ते सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलं, कारण ससाणा सोडल्यावर तो आणि हुबारा दोघंही आमच्या नजरेपलीकडे गेले. आम्ही पाच धडधाकट माणसं नुसती आकाशाकडे बघत उभी, आणि शेख खाली बघून सांगताहेत. वर चढला. वळला. आता खाली येतोय. चुकला, गाढव, चुकला. मोठा मुलगा विचारतोय, "कुठे उतरला?" आणि शेख ऐटीत थांबून, मिशी पुसून म्हणतात, "दोन बाभळींच्या मध्ये. जमिनीवर बसलाय. रागावलाय. मांस घेऊन जा, नाहीतर ऐकायचा नाही." गाडी त्यांनी सांगितलं तिकडे गेली, आणि ससाणा दोन बाभळींच्या मध्ये रागावून बसला होता. हुबारा सुटला होता. त्याचं कोणाला काही वाटलं नाही, शेखांना तर मुळीच नाही. ससाणा देऊन टाकण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. मोठा मुलगा मला म्हणाला, "बदलायची नाही ना?" मी म्हटलं, नाही. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

ऊन चढून हवा थरथरायला लागली तेव्हा शेखांनी उठायला हात पुढे केला. गुडघे आखडले होते. मी त्यांना दोन्ही हातांनी धरलं आणि म्हटलं, "बाबा, सावकाश." त्यांना त्यात काहीच वाटलं नाही. त्यांना तर सगळेच तसं म्हणतात. ते उठले, चष्मा पुसला, आणि चहाचं काय झालं म्हणून विचारलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरीही मी ते दोनदा वाचून काढलं. पहिल्यांदा शेवटी लिहिलं होतं की तो शब्द चुकून तोंडातून गेला. वाचताना ते खोडलं. चुकून गेला नव्हता.